मिटलेली तोंडं

"थुंका," ताई म्हणाली, आणि खुर्चीतल्या बाई थुंकल्या. अर्धं बेसिनमध्ये गेलं, अर्धं ताईच्या बाहीवर.

ताईने बाहीकडे पाहिलं नाही. एकदा पाहिलं की दिवसभर ती बाही अंगाला लागत राहते हे तिला अनुभवाने ठाऊक होतं, आणि अजून तर सकाळही सरली नव्हती. तिने कापसाचा बोळा घेतला, न बघताच दंड पुसला, आणि बोळा पायाने उघडायच्या डब्यात टाकला. डॉक्टर गुणगुणत होते. डॉक्टरांचं बरं होतं. त्यांना दात दिसायचे, किडलेले आणि न किडलेले. बाकी सगळा चिखल ताईच्या वाटणीला.

दातांच्या दवाखान्यात खुर्चीच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, लाळ ओढणारी नळी रोग्याच्या गालाशी धरायची, मागतील ते हत्यार डॉक्टरांच्या हातात द्यायचं, आणि शेवटी सगळ्यांनी मागे ठेवलेलं धुऊन काढायचं, हे ताईचं काम. लेक रांगत होती तेव्हा नवऱ्याची नोकरी सुटली होती, म्हणून चार महिन्यांपुरतं धरलं होतं. नवऱ्याला पुढे कपड्यांच्या दुकानात काम मिळालं. लेक शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या गावी राहायला गेली. ताईचे चार महिने काही संपले नाहीत. दर वर्षी काही ना काही निघायचं. कधी फी, कधी घराची गळती, कधी नुसतीच भीती, की या वयात आपल्याला दुसरं कोण घेणार.

आणि ताईला तोंडं आवडत नसत. आवडत नसत हा फार सभ्य शब्द झाला. तिला तोंडांचा वीट आला होता. बाहेरून माणूस कसा, भांग पाडलेला, इस्त्री केलेला, आणि आत हे! जीभ हा अवयव तर देवाने घाईघाईत उरकला असणार असं तिचं मत होतं. गप्प पडून राहा म्हटलं की नेमकी वळवळणार, नळी चाटणार, आरशावर येऊन बसणार. त्यात ते वास. कांद्याचे, विडीचे, उपाशी पोटाचे, रात्रभर साठून आलेले. पेपरमिंट चघळून येणारे तिला सगळ्यात वाईट वाटत. घाण ती घाणच, वर तिला नटवून आणायची काय गरज?

यातून तरायचे तिचे उपाय ठरलेले होते. मास्कच्या आतून बामचं बोट फिरवायचं. श्वास तोंडाने घ्यायचा. दिव्याच्या गोल उजेडात येतं तेवढंच बघायचं, त्याच्या वर नाक, डोळे, कपाळ असल्या भानगडीत पडायचं नाही. सुरुवातीला ती बघायची चेहऱ्यांकडे. मग तीच माणसं बाजारात भेटत, बोलायला थांबत, आणि बोलताना त्यांची ती आतली ओली गुहा तिला आठवे. तेव्हापासून तिने चेहरे सोडून दिले. रोग्यांची नावंही ती ऐकून घेत नसे. ती स्वतः नावं ठेवायची. वरच्या दोन्ही बाजूंना सोन्याच्या टोप्या घातलेली ती सोनारीण. ज्याच्या दातांवर किटणाचे थर चढलेले तो बुरूज. भोकंच भोकं असलेली चाळणी. आणि सगळ्यांच्या तळाशी गटार.

गटार फार वर्षांचा रोगी. काळे पडलेले खुंट, लाल सुजलेल्या हिरड्या, आणि तडे गेलेल्या चामड्यासारखी कोरडी जीभ. त्याने तोंड उघडलं की ताईच्या पोटातलं वर यायचं, बामचा काही उपयोग व्हायचा नाही. एकच गोष्ट बरी होती, त्याला लाळ नव्हती. नळी नुसती गालाला चिकटून सूं सूं करायची. तेवढाच त्रास कमी, असं ताई म्हणायची. उरलेला माणूस तिने मनाने बनवून टाकला होता. तंबाखूचा तोबरा भरणारा, दारू ढोसणारा, ब्रश म्हणजे काय हे ठाऊक नसलेला. बायको असलीच तर केव्हाच पळून गेली असणार.

त्या दिवशी थुंकणाऱ्या बाई गेल्यावर डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "ताई, महिनाअखेर काउंटर रिकामं होतंय. आपल्या बाई मुलाकडे राहायला चालल्या."

ताईच्या हातातला ट्रे तसाच राहिला. बाहेरच्या खोलीतलं काउंटर म्हणजे तिचा स्वर्ग होता. खुर्ची, टेबल, फोन, आणि समोर येणारी माणसं तोंडं मिटून येणारी!

"डॉक्टर, मागच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात."

"मागच्या वेळी आत उभं राहायला माणूस मिळालं नव्हतं. आता एक मुलगी येतेय. तुम्ही तिला तयार करा. महिनाभर बघू. ती टिकली की काउंटर तुमचं. शब्द देतो."

"आणि नाही टिकली तर?"

"तर मग काय," डॉक्टर हात पुसत म्हणाले, "तुम्ही आहातच."

त्या रात्री नवऱ्याने ही बातमी ऐकून ताटावरून मान वर केली. तो जेवत होता आणि ताई नेहमीप्रमाणे ओट्याकडे तोंड करून उभी होती. ती कोणाबरोबर जेवत नसे. सगळ्यांचं झालं की एकटीच बसायची, भिंतीकडे बघत. दिवसभर जे पाहिलं त्याच्यात आता अन्न जाताना बघायचं तिला जमत नव्हतं. नवऱ्याने हे कधी मनाला लावून घेतलं नाही, फक्त अधूनमधून चिडवायचा.

"मग आता आमच्या पंगतीला बसणार म्हण की!"

"आधी मिळू तर द्या."

"मिळेल गं. पण एक सांग, एवढ्या लोकांना नावं ठेवलीस. माझ्या तोंडाचं काय नाव आहे?"

"काही नाही."

"काही नाही हे नाव आहे का नाव नाही?"

"गिळा मुकाट्याने," ताई म्हणाली, पण त्या दिवशी तिला हसू आलं.

नवी पोरगी आली. हाडाने किरकोळ, बोलायला गोड, आणि पहिल्याच दिवशी एका आजोबांची कवळी हातात पडल्यावर भुतासारखी पांढरी पडलेली. ताईने तिला जिवापाड शिकवलं. इतक्या प्रेमाने तिने पोटच्या पोरीलाही काही शिकवलं नसेल. कारण ही पोरगी टिकली तरच आपण सुटणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

"बाम हा असा लावायचा. गटार म्हणून एक येतो, तो आला की दुप्पट. श्वास तोंडाने. आणि उजेडाच्या वर बघायचं नाही. अजिबात."

"पण ताई, पेशंट घाबरलाय का, दुखतंय का, ते मग कसं कळणार?"

"ते कळून तुला काय करायचंय? दुखलं तर तो ओरडेल."

पोरगीने मान हलवली. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण बाम मात्र तिने चांगला बोटभर लावला.

आणि ताई काउंटरवर बसली. पहिल्या दिवशी तिने टेबल दोनदा पुसलं, फोन तीनदा. खिडकीजवळ एक कुंडी होती, कडेला बाकं होती. माणसं येत होती, बसत होती, आणि सगळ्यांची तोंडं मिटलेली! ताईला वाटलं, आपण इतकी वर्षं उगीच माणसांवर रागावून होतो. माणसं तशी वाईट नाहीत, फक्त उघडू नयेत.

दुपारपर्यंत मात्र पंचाईत झाली. तिला कोणी ओळखू येईना.

"कोण आपण? पहिल्यांदाच येताय का?" तिने एका लठ्ठ बाईंना विचारलं.

"पहिल्यांदा?" बाईंचा आवाज चढला. "अहो, या दवाखान्याचं अर्धं बांधकाम माझ्या पैशांवर झालंय! आणि मला विचारताय कोण आपण!"

त्या ओरडल्या तसे वरचे दात चमकले, उजवीकडे आणि डावीकडे. ताईचा जीव भांड्यात पडला. "अय्या, तुम्ही होय! डावी टोपी ढिली झाली होती, नाही का? बसली का नीट?"

बाईंना यावर रागवावं की खूश व्हावं ते कळेना. ताईला मात्र युक्ती सापडली. आला माणूस की त्याला हसवायचं. ती हवेचं काही बोलायची, गमतीचं काही सांगायची, नाहीच जमलं तर सरळ "हसा की जरा!" म्हणायची. दात दिसले की माणूस ओळखीचा. ही चाळणी. हा तिरका सुळा. हा बुरूज, आणि बघा तरी, बुरूज म्हणजे चांगला गोरापान, देखणा शिक्षक निघाला! डॉक्टर एकदा दारातून डोकावून म्हणाले, "ताई, हा दवाखाना आहे, फोटोचा स्टुडिओ नाही." पण तेही हसत होते. लोकांना नवी काउंटरवाली आवडायला लागली होती. एवढी हसरी बाई इतके दिवस कुठे होती, असं कोणी कोणी विचारायचं. ताई आत बोट दाखवायची.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती नवऱ्यासमोर ताट घेऊन बसली. तो तोंड मिटून, जपून जपून चावत राहिला, ते बघून तिला गलबलून आलं.

फक्त एक माणूस तिला काही केल्या ओळखता आला नाही. कारण तो हसायचा रुमालाआड.

साठीच्या आसपासचे असतील. शर्टाला कडक इस्त्री, खिशाला पेन, हातात पाण्याची बाटली. दर दोन मिनिटांनी बाटलीतून एक घोट घ्यायचा आणि बोलताना रुमाल ओठांशी धरायचा, ही त्यांची सवय. पहिल्यांदा आले तेव्हा डॉक्टर बाहेरगावी होते. ताईने तसं सांगितलं आणि नाव विचारून लिहून घेतलं. नावावरून तिला काही बोध होण्यासारखं नव्हतंच.

"तुम्ही नवीन दिसता," ते म्हणाले. आवाज रुमालामुळे दबलेला, पण मऊ.

"नवीनच समजा," ताई खुशीत म्हणाली.

ते गेले नाहीत. बाहेर ऊन होतं, ते थोडा वेळ टेकले. खिडकीतली कुंडी सुकली होती, तिला त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी घातलं. उठून जाताना म्हणाले, "पुढच्या खेपेला मीच घालीन. तुम्हाला आधीच पुष्कळ कामं." ताईला ते गृहस्थ फार आवडले. दवाखान्यात येऊन स्वतःच्या दाढेखेरीज दुसऱ्या कशाची फिकीर करणारा माणूस तिने पहिल्यांदा पाहिला होता.

पुढच्या वेळी ते लवकर आले. बाहेर दुसरं कोणी नव्हतं, आत डॉक्टरांचं एक लांबलचक काम चाललं होतं. त्यांनी कुंडीला पाणी घातलं आणि काउंटरजवळच्या बाकावर बसले. बोलता बोलता निघालं की ते टायपिंग शिकवत असत. उभा जन्म त्या खटखटाटात गेला.

"आवडायचं?" ताईने विचारलं.

"छे! रोज सकाळी वाटायचं, आज वर्गाला आग लागली तर बरं. पण घर चालवायचं होतं. मग मी काय करायचो माहितीये? पोरांच्या तोंडाकडे बघायचोच नाही. नुसती बोटं बघायचो. आणि बोटांवरून नावं ठेवायचो. एकाला म्हणायचो कोळी, एकाला हातोडा. एक मुलगी होती, ती चिमटा." ते रुमालाआड खुदखुदले. "मनातल्या मनात हं. पण तेवढ्यावर दिवस जायचा."

ताईला वाटलं, देवानेच हा माणूस आपल्यासमोर आणून बसवला. हे तिने आजवर नवऱ्याखेरीज कोणाला असं मोकळेपणी सांगितलं नव्हतं आणि नवऱ्यालाही ते पूर्ण कळलं नव्हतं. तिचा बांध फुटला. तिने त्यांना सोनारीण सांगितली, बुरूज सांगितला, चाळणी सांगितली. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर ते हसले.

"आणि सगळ्यात वाईट कोण?" त्यांनी विचारलं.

"गटार!" ताई म्हणाली. "अहो, काय सांगू तुम्हाला. तो आत आला की भिंतींचा रंग उडेल असा वास. दात म्हणाल तर नुसते जळके खुंट. जीभ अशी, की वाळलेली चप्पल बरी. लाळसुद्धा नाही हो त्याला, नळी धरून मी आपली उभी, ओढायला काही नाही. तीसुद्धा पळून गेली असेल त्याला कंटाळून! दारुडा असणार. आणि बायको कशी राहात असेल, का राहिलीच नसेल, देव जाणे. मी तर तो यायचा असला की सकाळपासून चहाही घेत नसे."

बोलण्याच्या भरात तिने हातवारे करून ती जीभही दाखवली. ते हसले नाहीत हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. त्यांनी बाटलीचं झाकण काढलं, एक घोट घेतला, झाकण लावलं.

"म्हणजे आत खुर्चीपाशी नळी धरणाऱ्या बाई असायच्या, त्या तुम्ही?"

"मीच ती! का हो?"

"नाही. ओळखलं नाही. मास्क असायचा ना."

तेवढ्यात नव्या पोरगीने दार उघडून त्यांना आत बोलावलं. ते उठले. त्यांनी रुमालाची नीट घडी घातली, ती खिशात ठेवली आणि ताईकडे बघून म्हणाले, "येतो."

त्या एका शब्दासाठी त्यांनी रुमाल लावला नाही. ताईने ते खुंट पाहिले. वरचा मधला अर्धा तुटलेला, खालचा काळा, त्याच्या शेजारची रिकामी जागा. जगात इतर कोणाचे असूच शकत नव्हते ते.

दार लागलं. फोन वाजत होता, तो वाजून वाजून थांबला.

ताईला स्वतःची किळस आली. एवढी वर्षं परक्यांच्या तोंडांची यायची तशीच, पोटातून वर येणारी. फरक एवढाच, की आता बामचं बोट कुठे फिरवायचं ते कळत नव्हतं.

ते बाहेर आले तेव्हा रुमाल पुन्हा ओठांशी होता. "मंगळवार दिलाय डॉक्टरांनी," ते म्हणाले. ताईने मंगळवार लिहिला. मग त्याच्याखाली एक रेघ ओढली. त्यांच्या मागून पोरगी आली, घामेजलेली, आणि ते जिन्यावरून उतरून गेल्यावर बेसिनवर वाकून उभी राहिली.

"ताई, हे काका तेच ना, तुम्ही सांगितलेले?"

"गप्प बस," ताई म्हणाली.

संध्याकाळी तिने डॉक्टरांना विचारलं. विचारताना आपण कागद लावतोय असं दाखवलं.

"त्यांचं? तुम्हाला माहीत नाही?" डॉक्टरांना खरंच नवल वाटलं. "गळ्याचा कर्करोग झाला होता. किरणांच्या उपचारात जीव वाचला, पण लाळेच्या ग्रंथी गेल्या. लाळ नसली की दात टिकत नाहीत, तो माणूस दिवसातून सहादा घासतो तरी. नळी तर तुम्हीच धरत होतात, ताई."

हो, नळी तीच धरत होती. तोंड कोरडं आहे हे त्या दवाखान्यात तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि तिला त्याचा आनंद झाला होता.

त्या रात्री ताट घेऊन ती पुन्हा भिंतीकडे वळली. नवऱ्याने काय झालं विचारलं. "डोकं दुखतंय," ती म्हणाली.

मंगळवारी ते आले नाहीत. गुरुवारी तिने फोन केला. न आलेल्यांना फोन करणं हे काउंटरचं कामच होतं, पण नंबर तिने दोनदा चुकीचा फिरवला.

"तुम्ही आला नाहीत परवा."

"हो, जरा अडचण होती." आवाज जाड येत होता, एका गालातून आल्यासारखा.

"दुखत असेल. उजवी, खालची शेवटची. तिच्यात पू आहे, मला माहितीये."

"नाही नाही, बरंय आता."

"बरं नसणार ते." मग तिने डोळे मिटून घेतले. "माझं फार चुकलं हो. फार घाण बोलले मी."

पलीकडे पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला. "मीसुद्धा ठेवायचोच की नावं," ते म्हणाले. "आता वाटतं, त्यातल्या कोणाला कळलं असेल का? बरं, ठेवतो. येईन सवडीने."

ते महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आले. त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर पक्कं करणार होते. सकाळी तसं म्हणालेही होते, की पोरगी रुळली, आता काउंटर तुमचं. ताई खूश व्हायला बघत होती आणि दार उघडलं. उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता. शर्टाला इस्त्री होतीच. त्यांनी काउंटरशी न थांबता पोरगीला हात केला, आणि डॉक्टरांनी इतरांना थांबवून त्यांना सरळ आत घेतलं. ताईकडे त्यांनी पाहिलं नाही.

थोड्याच वेळात आतून ट्रे पडल्याचा आवाज झाला. पोरगी धावत बाहेर आली, तोंडावर हात दाबून. बाकांवरची माणसं बघत होती. ताईने तिला बेसिनपाशी गाठलं.

"नाही जमत मला," ती हुंदके देत होती. "बाम लावला, सगळं केलं. आत फोडलं ते आणि... ताई, मी जाते घरी. नको मला ही नोकरी."

"हळू बोल!"

"तुम्हीच म्हणाला होतात की ते गटार..."

"हळू बोल म्हणते ना!"

दार अर्धवट उघडं राहिलं होतं. ताईला आतली खुर्ची दिसत होती. ते आडवे होते, तोंडात आधाराची कमान घातलेली, मिटायची सोय नाही. छताकडे बघत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. हातातला रुमाल त्यांनी मुठीत आवळून धरला होता, तोंडावर न्यायला परवानगी नसल्यासारखा.

"ताई, कोणीतरी आत या लवकर!" डॉक्टर ओरडले.

पोरगीला परत ढकलता आलं असतं. तोंड धू, पाणी पी, श्वास तोंडाने घे, जा. अजून एकदा दटावलं असतं तर गेलीही असती बिचारी. महिनाभर ताईने तिला त्यासाठीच तर तयार केलं होतं. आणि नाही गेली, घरी निघून गेली, तर नवी कोणी येईपर्यंत पुन्हा सगळं आलंच. ताईने एकदा काउंटरकडे पाहिलं. टेबल पुसलेलं होतं. फोन वाजायला लागला होता.

"तो फोन घे," ती पोरगीला म्हणाली. "आणि तिथेच बस."

"पण ताई, ते तुमचं..."

"बस म्हटलं ना. माणसं चांगली ओळखतेस तू. जमेल तुला."

तिने हातमोजे चढवले, मास्क बांधला आणि आत गेली. वास दारातच आला. पोटात ढवळलं, तोंडाला पाणी सुटलं, सगळं जसंच्या तसं. किळस काही माणुसकीला घाबरून पळत नाही. ताई खुर्चीच्या डाव्या अंगाला उभी राहिली आणि दिव्याच्या उजेडाच्या वर तिने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. साधे तपकिरी डोळे होते, दुखण्याने ओले झालेले. तिला पाहताच त्यांनी मूठ उचलली, तोंड झाकायला.

"राहू द्या," ताई म्हणाली. "माझंच काम आहे ते."

तिने ती मूठ हळूच खाली धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने नळी आत घातली. आज ओढायला पुष्कळ होतं. डॉक्टर दाबत होते, पू आणि रक्त येत होतं, आणि ताईच्या मास्कच्या आत घाम आणि कडवट पाणी. एकदा तिला वाटलं आता आपण इथेच ओकणार. तिने मान वळवली नाही. "दुखतंय का?" तिने विचारलं. आजवर खुर्चीत बसलेल्या एकाही माणसाला तिने हे विचारलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून उघडले. "डॉक्टर, थांबा जरा," ती म्हणाली, आणि डॉक्टर थांबले.

सगळं झाल्यावर डॉक्टर हात धुवायला गेले. जाता जाता म्हणाले, "ताई, मग सोमवारपासून..."

"इथेच," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी नळ सोडला.

बाहेरून पोरगीचा आवाज येत होता. ती कोणाला तरी आजी म्हणत होती, गुडघा कसा आहे विचारत होती. चेहरा बघून ओळखलं असणार. ते बाहेरचं टेबल, ती खिडकी, समोर बसलेली ती मिटलेली तोंडं. महिनाभर तरी मिळालं.

खुर्चीत ते उठून बसले. सुई देऊन बधिर केलेला ओठ खाली लोंबत होता आणि हनुवटीवरून लाल लाळेसारखं काहीतरी ओघळत होतं, त्यांना त्याचा पत्ता नव्हता. आता उठून ते तसेच बाहेर, त्या सगळ्या माणसांसमोर गेले असते. ताईने त्यांच्या मुठीतला रुमाल काढून घेतला, उलगडला, स्वच्छ बाजू बघून हनुवटी पुसली, ओठांचा कोपरा पुसला, पुन्हा एकदा पुसला. ते लहान मुलासारखे मान वर करून बसून राहिले.

पोरगी दारात आली. आत यायचं टाळून तिथूनच म्हणाली, "ताई, पुढच्यांना पाठवू का? खोळंबलेत सगळे."

"थांबू देत," ताई म्हणाली. "ह्यांचं अजून आवरायचंय."